सोन्याच्या सवयीने हिरा घेताना

नांदेडच्या सराफ्यात किंवा लातूरच्या गंजगोलाईला येऊन मिळणाऱ्या सोळा रस्त्यांपैकी एखाद्यावरच्या पेढीत सोने घ्यायला निघालेले कुटुंब दुकानाची पायरी चढण्याआधीच अर्धा व्यवहार मनात उरकून आलेले असते. दिवसाचा दर घरात सगळ्यांना ठाऊक असतो. जुना दागिना मोडला तर काय हाती येईल, घट किती धरतील, मजुरी कुठवर खाली आणता येईल, याचा अंदाज वडीलधाऱ्यांना असतो. घासाघीस होते ती मजुरीवर. सोन्याच्या दरावर कोणी हुज्जत घालत नाही, कारण तो दुकानदाराच्या हातात नाही हे दोन्ही बाजूंना माहीत असते. शुद्धतेचा प्रश्नही बराचसा सुटला आहे. जून २०२१पासून हॉलमार्क टप्प्याटप्प्याने सक्तीचा होत गेला आणि १ एप्रिल २०२३पासून सहा अक्षर-अंकांच्या एचयूआयडी क्रमांकाशिवाय हॉलमार्कचा दागिना विकता येत नाही. तो क्रमांक ‘बीआयएस केअर’ या ॲपमध्ये टाकला की शुद्धता समोर येते. आता त्याच पेढीत साखरपुड्यासाठी हिऱ्याची अंगठी मागून पाहावी. ही सगळी तयारी तिथे निरुपयोगी ठरते. हिऱ्याचा ‘आजचा दर’ असा काही नसतो. अंगठीवरचा हॉलमार्क फक्त सोन्याची हमी देतो, खड्याबद्दल तो एक अक्षर बोलत नाही. आणि मोडीचा विषय निघाला की उत्तरे दुकानागणिक बदलतात.

या प्रकरणाचे म्हणणे असे की मराठवाड्यातले ग्राहक हिऱ्यात फसतात ते भोळेपणामुळे नव्हे, तर सोन्यात कमावलेल्या शहाणपणामुळे. वजनाला मान द्यायचा, शुद्धता जास्तीत जास्त मागायची, घरच्या सराफाचा शब्द प्रमाण मानायचा आणि अडीअडचणीला मोड येईल असा हिशेब ठेवायचा, या सवयी सोन्याच्या बाबतीत अगदी रास्त आहेत. हिऱ्यात मात्र यांतली प्रत्येक सवय ग्राहकाच्या खिशाला कात्री लावते. योग्य भाव सापडायचा असेल तर अंगठी ही एक वस्तू मानणे सोडावे लागते. तिच्यातला खडा वेगळा, सोने वेगळे, घडणावळ वेगळी. प्रत्येकाचा पुरावा वेगळा आणि किंमतही वेगळी. खड्याच्या बाबतीत तर आधी दर्जा कागदावर आला पाहिजे आणि मगच भावाची चर्चा सुरू झाली पाहिजे.

हा मुलूख रत्नांना नवखा नाही. नांदेडला गोदाकाठी नगीना घाट आहे. एका बंजारा भक्ताने अर्पण केलेला मोलाचा नगीना गुरू गोविंदसिंगांनी तिथे नदीत टाकला, अशी परंपरा सांगते. १७ सप्टेंबर १९४८पर्यंत नांदेड आणि लातूर दोन्ही निजामाच्या राज्यात होते, आणि त्या राजवटीची दौलत जगभर ओळखली जात होती ती गोवळकोंड्याच्या हिऱ्यांमुळे. सातव्या निजामाने १८४ कॅरेटहून जड असलेला जेकब हिरा टेबलावर कागद दाबायला ठेवला होता, ही गोष्ट प्रसिद्धच आहे. तेवढी प्रसिद्धी न मिळालेली, पण आपल्या विषयाला जास्त लागू असलेली गोष्ट पुढची. निजामाच्या जवाहिराची किंमत किती, हा वाद वर्षानुवर्षे कोर्टकचेऱ्यांत चालला आणि अखेर १९९५मध्ये भारत सरकारने २१८ कोटी रुपयांना तो खजिना घेतला. तेवढ्याच वजनाचे सोने असते तर दर आणि वजन यांचा गुणाकार करून विषय एका दुपारी संपला असता. जगातल्या सर्वांत नावाजलेल्या खड्यांनाही सर्वमान्य भाव नव्हता. आपल्या अंगठीतल्या तीस-चाळीस सेंटच्या खड्याला तो आपोआप कुठून असणार?

वजनापासून सुरुवात करू, कारण आपली पहिली नजर तिथेच जाते. हिऱ्याचे वजन कॅरेटमध्ये मोजतात. एक कॅरेट म्हणजे २०० मिलिग्रॅम आणि त्याचा शंभरावा भाग म्हणजे सेंट. सोन्याच्या शुद्धतेचा कॅरेट आणि हा कॅरेट यांचा एकमेकांशी काही संबंध नाही. पाच ग्रॅम सोन्यापेक्षा दहा ग्रॅम सोने बरोबर दुप्पट किमतीचे असते. हिऱ्यात तसे घडत नाही, आणि हे फार जुने ज्ञान आहे. वराहमिहिराच्या बृहत्संहितेतही वजन उतरले की हिऱ्याचे मोल कसे उतरत जाते याचे गणित दिलेले आहे. १७व्या शतकात गोवळकोंड्याच्या खाणींवर हिरे घ्यायला आलेला फ्रेंच व्यापारी ताव्हर्निये याने १६७६मध्ये छापलेल्या प्रवासवर्णनात नियमच मांडला: किंमत वजनाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. म्हणजे दुप्पट वजनाचा खडा चौपट किमतीचा. आजचा बाजार हा नियम तंतोतंत पाळत नाही, पण दिशा तीच आहे. मोठे स्फटिक दुर्मीळ, म्हणून प्रतिकॅरेट भावच चढत जातो.

याचा दुकानातला परिणाम पाहावा. सात बारीक हिरे एकमेकांना चिकटून असे बसवतात की दुरून एकच मोठा खडा वाटतो. अशा अंगठीच्या चिठ्ठीवर ‘हिरा ५० सेंट’ लिहिलेले असते, आणि शेजारच्या एकाच खड्याच्या अंगठीवरही ‘हिरा ५० सेंट’. सोन्याच्या सवयीने पाहिले तर दोन्हींत माल सारखाच. ताव्हर्नियेच्या नियमाने हिशेब केला तर सात खड्यांची मिळून किंमत एका खड्याच्या किमतीचा सातवा हिस्सा भरते. आजचा फरक नेमका तेवढाच नसेल, पण तो मोठा असतो यात शंका नाही. सात खड्यांची अंगठी वाईट असते असे मुळीच नाही. कमी पैशात भरगच्च दिसणारा तो चांगला मार्ग आहे. पण ती एका खड्याच्या भावाशी तुलना करून ‘स्वस्तात मिळाली’ असे वाटणे चूक. म्हणून पहिला प्रश्न ‘एकूण किती सेंट’ हा नसावा. ‘किती नग आणि प्रत्येक नग किती सेंटचा’ हा असावा.

वजनाच्या आकड्याला आणखी एक गंमतशीर पण खर्चीक ओढ असते. अर्धा कॅरेट, एक कॅरेट अशा गोल आकड्यांवर भाव एकदम उडी घेतो, कारण लोकांना तोच आकडा सांगायचा असतो. एक कॅरेटचा नीट घडवलेला गोल हिरा साधारण ६.५ मिलिमीटर व्यासाचा असतो आणि ९० सेंटचा साधारण ६.३ मिलिमीटरचा. हा फरक बोटावर कोणालाही दिसत नाही. बिलावर मात्र ठळक दिसतो. उलट बाजूने, कच्च्या स्फटिकातले वजन वाया जाऊ नये म्हणून घडवणारे खडा तळाला खोल ठेवतात. असा खोलगट एक कॅरेट वरून पाहिला तर ९० सेंटएवढाच दिसतो, वर त्याचे तेजही कमी. ग्राहक पैसे मोजतो ते कोंदणात दडून राहणाऱ्या पोटाचे. बैठकीत वरपक्षाकडून ‘किती कॅरेटची?’ असा प्रश्न येतो तेव्हा तर हिरा बाजूला राहतो आणि मानपान भाव ठरवू लागतो. त्या प्रश्नाला नम्रपणे नकार देणे हीच या खरेदीतली पहिली बचत आहे.

वजन नाही तर काय पाहायचे? घडण. हिऱ्याचे सौंदर्य जमिनीतून येते असा समज आहे. ते बरेचसे घडणीतून, म्हणजे पैलू पाडणाऱ्याच्या हातून येते. हिऱ्याचा अपवर्तनांक सुमारे २.४२ आहे. याचा अर्थ असा की आत शिरलेला प्रकाश फार सहज बाहेर पडत नाही. खालच्या पैलूंवर योग्य कोनात आदळला तर तो एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे परततो आणि पुन्हा वरून पाहणाऱ्याच्या डोळ्यांत येतो. गोल हिऱ्याच्या ५७ किंवा ५८ पैलूंची मांडणी याचसाठी असते. खालचा भाग अति खोल झाला तर प्रकाश बगलेतून निसटतो आणि खड्याच्या मध्यभागी काळोखा डाग दिसतो; उथळ झाला तर वरच्या सपाट पैलूच्या आत एक फिकट, करडे कडे उमटते. रंग आणि स्वच्छता कितीही उंची असो, असा खडा मेलेलाच दिसतो. रंग-स्वच्छतेतली एखादी पायरी उतरली तर डोळ्याला कळतही नाही. घडण बिघडली तर काही पावलांवरून कळते. म्हणून पैसे कुठे खर्च करायचे आणि कुठे वाचवायचे याचे उत्तर माझ्या मते स्पष्ट आहे: घडण सर्वोत्तम घ्यावी आणि बाकी सगळ्यांत तडजोड करावी.

घडण दुकानात पारखता येते, फक्त जागा बदलावी लागते. पेढीवरचे छतातले तीव्र दिवे हिरे चमकावेत म्हणूनच लावलेले असतात. त्या उजेडात अमेरिकन डायमंडही झगमगतो. किंबहुना अमेरिकन डायमंड म्हणजे क्यूबिक झिर्कोनिया प्रकाशाचे रंग हिऱ्यापेक्षा जास्त फाकवतो, त्यामुळे इंद्रधनुषी लखलखाट ही अस्सलपणाची खूण मुळीच नाही. अंगठी घेऊन दुकानाच्या दाराशी यावे, थेट ऊन लागू न देता हाताच्या सावलीत धरावी आणि सावकाश डावी-उजवी कलवावी. चांगल्या घडणीचा खडा सावलीतही जिवंत राहतो. काळे-पांढरे तुकडे एका लयीत जागा बदलतात आणि मध्यभाग विझत नाही. एकटा खडा पाहून काही समजत नाही, म्हणून जवळजवळ सारख्या वजनाचे दोन-तीन खडे शेजारी धरावेत. हात लागून तेलकट झालेला खडा मंद दिसतो, कारण हिऱ्याला स्निग्ध पदार्थ चटकन चिकटतात; तेव्हा आधी तो स्वच्छ पुसून घ्यावा. गोल खड्याच्या तपासणी अहवालात घडण, चकाकी आणि सममिती या तिन्हींना ‘एक्सलंट’ असेल तर त्याला बाजारात ट्रिपल एक्स म्हणतात. तिथून सुरुवात करून मग डोळ्याने निवड करणे हा रास्त क्रम.

आता शुद्धतेची सवय. बावीस कॅरेटच हवे, अठरा नको, ही आपल्याकडची ठाम समजूत आणि सोन्याच्या साठ्यासाठी ती योग्यही आहे. हिऱ्याच्या अंगठीत मात्र अठरा कॅरेट हेच शहाणपणाचे. बावीस कॅरेट मऊ असते; खडा धरून ठेवणाऱ्या बारीक नख्या रोजच्या वापरात वाकतात आणि हिरा निखळतो. वडीलधाऱ्यांना अठरा कॅरेट म्हणजे भेसळ वाटते, पण ७५० चा हॉलमार्क असेल आणि दर अठराचाच लावला असेल तर त्यात फसवणूक काहीच नाही. फसवणूक होते ती अठराच्या अंगठीला बावीसचा दर लावला तर. ९१६ भागिले ७५० केले की समजते, सोन्यापोटी सुमारे २२ टक्के जास्त मोजले गेले.

खड्याच्या रंगाचेही तसेच. ‘डी’पासून ‘झेड’पर्यंतची रंगाची श्रेणी जेमॉलॉजिकल इन्स्टिट्यूट ऑफ अमेरिका, म्हणजे जीआयए या संस्थेने १९५०च्या दशकात रूढ केली, ‘डी’ पूर्ण रंगहीन आणि पुढे पिवळसर छटा वाढत जाते. आपल्याकडे पिवळ्या सोन्यालाच पसंती असते. पिवळ्या कोंदणात ‘आय’ किंवा ‘जे’ रंगाचा खडा पांढराच वाटतो, आणि ‘डी’ रंगासाठी मोजलेले पैसे कोंदणाच्या पिवळ्या प्रतिबिंबात विरून जातात. स्वच्छतेतही व्हीव्हीएस हा शब्द दुकानात फार मानाने उच्चारला जातो. पण ती श्रेणी दहापट दाखवणाऱ्या भिंगाखाली ठरते. तिच्याखालच्या व्हीएस-टू आणि पुष्कळदा एसआय-वनमधला दोषही नुसत्या डोळ्याला दिसत नाही. पाहायचे ते दोष किती यापेक्षा कुठे आहे. वरच्या सपाट पैलूच्या बरोबर खाली काळा कण असेल तर नको. कडेला नखीखाली जाणारा असेल तर चालेल. मात्र कडेपर्यंत पोहोचलेली चीर टाळावी. हिरा सर्वांत कठीण पदार्थ असला तरी ठराविक प्रतलांवर तो फुटू शकतो, आणि रोज घरकाम-शेतकाम करणाऱ्या हातातली अंगठी ठोकर खातेच.

सर्वांत नाजूक मुद्दा विश्वासाचा. ‘आमचा सराफ तीन पिढ्यांचा आहे, तो आम्हाला फसवणार नाही’ हे वाक्य मराठवाड्यात हजारो घरांत खरे आहे आणि त्याचा आदर केला पाहिजे. आक्षेप सराफाच्या नियतीवर नाही. प्रश्न असा की खड्याबद्दल खात्री देण्याचे साधन त्याच्याकडे आहे का. बोट्स्वाना, रशिया, अंगोला किंवा कॅनडात निघालेला स्फटिक कित्येक हातांतून सुरतेला येतो. जगातल्या बहुतेक हिऱ्यांना पैलू तिथेच पडतात. तिथून मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलातल्या भारत डायमंड बोर्सच्या व्यापाऱ्यांकडे, त्यांच्याकडून ठोक विक्रेत्याकडे आणि मग घडवलेल्या अंगठीच्या रूपात नांदेडला किंवा लातूरला. पेढीवरचा माणूस पाकिटावर लिहिलेला दर्जा आपल्याला प्रामाणिकपणे वाचून दाखवतो. पाकिटावर चूक असेल तर तीही तो प्रामाणिकपणेच पुढे देतो.

प्रयोगशाळेत वाढवलेल्या हिऱ्यांमुळे हा धोका खूप वाढला. डिसेंबर १९५४मध्ये अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकच्या प्रयोगशाळेत प्रचंड दाब आणि उष्णता देऊन हिरा तयार झाला. आता वायूतून थरावर थर चढवण्याच्या सीव्हीडी पद्धतीत भारतच मोठा उत्पादक आहे. हा हिरा खोटा नसतो. तोही कार्बनचाच, तितकाच कठीण, तितकाच चमकदार. म्हणूनच तो डोळ्याने, भिंगाने किंवा फुंकर मारून वाफ किती टिकते हे पाहून वेगळा करता येत नाही. दुकानातले उष्णतावहन मोजणारे पेन त्याला हिराच म्हणते, आणि मोइसनाइट या वेगळ्याच खड्यालाही पुष्कळदा हिरा म्हणते. बारीक नगांच्या पुड्यांत असे खडे न सांगता मिसळले जातात ही या व्यापाराची जुनी डोकेदुखी आहे. वेगळेपण ओळखायला वर्णपटाची तपासणी करणारी उपकरणे लागतात आणि ती प्रयोगशाळांत असतात. पिढ्यांचा विश्वास कितीही खरा असला तरी तो वर्णपट वाचू शकत नाही.

म्हणून अहवाल. लातूरच्या बाजार समितीत सोयाबीन विकणाऱ्या शेतकऱ्याला हे वेगळे समजावून सांगायची गरज नाही. यंत्रावर ओलावा किती आला, माती-काडी किती, डागी दाणा किती, हे आकडे ठरल्याशिवाय भाव बोलला जात नाही आणि बोलला तर त्याला अर्थ नसतो. उघड लिलाव येण्याआधी रुमालाखाली बोटे दाबून भाव ठरवण्याची हत्ता पद्धत होती. ताव्हर्नियेने हिऱ्यांच्या खाणीवरही व्यापाऱ्यांना कापडाखाली हात धरून असेच मुक्याने सौदे करताना पाहिले होते. धान्यातली ती पद्धत गेली. हिऱ्याच्या किरकोळ विक्रीत मात्र ‘ही अंगठी एवढ्याला’ असा एकच आकडा सांगून रुमाल अजून पांघरलेलाच राहतो. तो काढायचा उपाय म्हणजे विक्रेत्याशी संबंध नसलेल्या प्रयोगशाळेचा अहवाल. जीआयए आणि इंटरनॅशनल जेमॉलॉजिकल इन्स्टिट्यूट, म्हणजे आयजीआय, या दोन्हींच्या प्रयोगशाळा मुंबईत आहेत. दुकानाने स्वतःच्या शिक्क्यावर दिलेले रंगीत कार्ड म्हणजे असा अहवाल नव्हे. अहवालात वजन, मिलिमीटरमधली मापे, रंग, स्वच्छता, गोल खडा असल्यास घडण, प्रतिदीप्ती (अतिनील प्रकाशात खड्याचे उजळणे) आणि मुख्य म्हणजे खडा नैसर्गिक की प्रयोगशाळेतला, हे सगळे असते. अहवालाचा क्रमांक बहुधा खड्याच्या कमरेवर, म्हणजे गर्डलवर, लेसरने कोरलेला असतो. भिंगाखाली तो वाचायचा, संस्थेच्या संकेतस्थळावर टाकायचा आणि मापे जुळतात का ते पाहायचे. पाच मिनिटांचे काम आहे. अहवालात किंमत नसते, आणि तेच योग्य आहे. सोबत जोडलेले फुगवलेले ‘मूल्यांकन’ वाचूच नये.

यावर एक वाजवी हरकत अशी की वीस-पंचवीस सेंटच्या खड्यासाठी स्वतंत्र अहवाल काढणे परवडत नाही. हे खरे आहे. बारीक नगांच्या अंगठीसाठी पूर्ण दागिन्याचा एक अहवाल मिळतो; पण खडे बसवलेले असल्याने कोंदण जेवढे पाहू देईल तेवढाच दर्जा त्यात ठरवलेला असतो, हे लक्षात ठेवावे. मुख्य खडा तीस सेंट किंवा त्याहून मोठा असेल तर मात्र अहवालाशिवाय घेऊ नये, आणि शक्य असेल तर तो सुटा पाहून मग कोंदणात बसवून घ्यावा. निवड तयार ट्रेमधून न होता मागणीप्रमाणे होते, त्यामुळे दोन-तीन आठवडे जास्त लागतात. तिथी ठरल्यावर धावपळीत घेतलेल्या अंगठीपेक्षा ती नक्कीच नीट निवडलेली असते.

दर्जा कागदावर आला की भाव शोधता येतो. वजन, घडण, रंग, स्वच्छता, प्रतिदीप्ती आणि प्रयोगशाळा, एवढे तपशील सारखे ठेवून नांदेडमध्ये दोन ठिकाणी, हैदराबादेत किंवा पुण्यात एका ठिकाणी आणि ऑनलाइन दोन ठिकाणी सुट्या खड्याची किंमत विचारावी. ठोक बाजारात रॅपापोर्ट या संस्थेची दरयादी आधाराला असते. ती १९७८पासून निघते आणि व्यवहार तिच्यावर कमी-अधिक सूट धरून होतात. ती यादी हाती आली तरी ग्राहकाला तिचा थेट उपयोग नाही. चार-पाच ठिकाणचे भाव मात्र एक पट्टा दाखवतात. स्थानिक सराफ त्या पट्ट्याच्या वरच्या टोकाला असला तरी मी त्याच्याकडेच घ्या म्हणेन, कारण माप बदलणे, नखी आवळणे, हरकत निघाली तर समोर उभे राहणे याची किंमत असते. पण पट्ट्याच्या बाहेरचा भाव नाते म्हणून देऊ नये.

बिलाकडे वळू. बीआयएसच्या नियमानुसार हॉलमार्क दागिन्याच्या बिलात सोन्याचे निव्वळ वजन, शुद्धता आणि हॉलमार्किंगचा आकार वेगवेगळे दाखवावे लागतात. समजा अंगठी एकूण ४.२०० ग्रॅम आहे आणि खडा ५० सेंटचा. पन्नास सेंट म्हणजे ०.१०० ग्रॅम, सोने ४.१०० ग्रॅम. सोन्याचा दर ४.२०० वर लावला तर खड्याचे पैसे एकदा हिऱ्याच्या भावाने आणि पुन्हा सोन्याच्या भावाने घेतले गेले. त्याखाली खड्याची ओळ हवी: नग, वजन, दर्जा, अहवाल क्रमांक, किंमत, आणि नैसर्गिक की प्रयोगशाळेतला याचा स्पष्ट शब्द. मग मजुरी, आणि शेवटी तीन टक्के जीएसटी. मजुरी टक्क्यांत असेल तर ती सोन्यावर लावली की खड्यासह एकूण रकमेवर, हे विचारावे. खड्याच्या किमतीवर मजुरी लावण्याचे काही कारण नाही. ‘हिऱ्यावर मजुरी माफ’ अशी पाटी असेल तर माफ झालेली रक्कम खड्याच्या भावात दडली आहे का, हे वर सांगितलेल्या पट्ट्यावरून लगेच समजते. कर वाचवण्याच्या मोहाने कच्ची चिठ्ठी घेणारा ग्राहक तीन टक्के वाचवतो आणि स्वतःचा एकमेव पुरावा गमावतो.

मोडीच्या सवयीला सगळ्यात कठोर उत्तर द्यावे लागते. सोने मोडताना घट आणि मजुरी गेली तरी धातू त्या दिवसाच्या दराने परत येतो. हिरा परत द्यायला गेलात तर विक्रेत्याचा नफा, कर आणि घडणावळ तिन्ही गेलेले असतात. शिवाय दुकानदाराला तसाच नवा खडा ठोक बाजारातून उधारीवर मिळत असतो, मग तो तुमचा रोखीने किरकोळ भावात का घेईल? काही पेढ्या परतखरेदीची लेखी हमी देतात. ती वाचावी: किती टक्के, कोणत्या दिवसाच्या भावावर, रोख की फक्त बदली दागिना. ‘हिरा कायमचा’ ही कल्पना १९४०च्या दशकाच्या अखेरीस डी बीअर्सच्या जाहिरातीतून जगभर गेली, आणि अंगठीसाठी दोन महिन्यांचा पगार हे मापही जाहिरातीतलेच. ज्यांचे उत्पन्न तुरीच्या आणि सोयाबीनच्या भावावर हेलकावे खाते, त्यांनी असली मापे मानायचे कारण नाही. मग हिरा घेऊच नये का, असे कोणी विचारेल. जरूर घ्यावा, वापरायला, आवडीने, परत मिळणार नाही अशा पैशातून. बचतीचे पैसे सोन्यातच असू द्यावेत.

याच कसोटीवर प्रयोगशाळेतल्या हिऱ्याचाही निकाल लागतो. दिसायला मोठा खडा हवा आणि खर्च मर्यादित, तर तो पूर्ण सन्मानाचा पर्याय आहे. पण ‘नैसर्गिकपेक्षा एवढे टक्के स्वस्त’ ही तुलना फसवी. त्याची तुलना दुसऱ्या प्रयोगशाळेतल्या हिऱ्याशीच करावी, कारण त्याचा भाव यंत्रे वाढतील तसा उतरत आला आहे. डी बीअर्सनेच २०१८मध्ये लाइटबॉक्स या नावाने असे हिरे कॅरेटला ८०० डॉलर या सरसकट भावाने विकायला काढले, २०२४मध्ये तो भाव ५०० डॉलरवर आणला आणि २०२५मध्ये तो व्यवसाय बंद करण्याचे जाहीर केले. आज घेतलेला खडा पुढच्या वर्षी आणखी स्वस्त मिळेल हे गृहीत धरून घेतला तर पस्तावायची वेळ येत नाही. नैसर्गिक म्हणून नैसर्गिकच्याच भावाने विकलेला प्रयोगशाळेतला खडा मात्र सरळसरळ फसवणूक आहे.

तशी शंका आली तर मार्ग आहे. अंगठी ताब्यात घेताना भिंगाखाली क्रमांक स्वतः पाहावा आणि ‘खडा अहवालाशी न जुळल्यास पूर्ण रक्कम परत’ एवढे वाक्य बिलावर लिहून घ्यावे. प्रामाणिक सराफाला त्यात अडचण नसते. ग्राहक संरक्षण कायदा २०१९नुसार तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगात करता येते. म्हणजे अंगठी मुंबईहून मागवली असली तरी नांदेडच्या माणसाला नांदेडमध्ये आणि लातूरच्या माणसाला लातूरमध्ये दाद मागता येते. पन्नास लाखांपर्यंतची खरेदी जिल्हा आयोगाच्या कक्षेत येते आणि पाच लाखांपर्यंत तक्रारीला शुल्क नाही. मुदत दोन वर्षांची. साखरपुडा आणि लग्न यांच्यामध्ये बहुधा काही महिने जातात. मुंबईच्या प्रयोगशाळेकडून खडा एकदा तपासून घ्यायला तो काळ पुरेसा आहे.